गावदेवाचा अभ्यास, गावाचं काम आणि पैशाची जुळवाजुळव : कोकणातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी

‘धर्म-अध्ययन’ या नावाची शिष्यवृत्ती शोधत बसलात तर वर्ष हातचं जाईल. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक कला महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि तिथे हा विषय वेगळ्या पाटीखाली शिकवला जात नाही. तो तत्त्वज्ञानात असतो, संस्कृतात असतो, इतिहास-समाजशास्त्रात असतो, मराठीच्या लोकसाहित्यात तर असतोच. पैशाचंही तसंच आहे. एका ठिकाणाहून सगळी रक्कम मिळत नाही. तीन-चार दारांवरून थोडी थोडी जमवावी लागते, आणि कोणता खर्च कोणत्या दाराशी मागायचा हे कळलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम जास्त नाजूक आहे. गावच्या देवाच्या विषयात पैसे किती मिळाले याइतकंच ते कुणाकडून घेतले हे महत्त्वाचं असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

आधी विषय आवळा

‘कोकणातील देवदेवता’ या विषयाला कुणी पैसे देत नाही आणि देऊही नयेत. ‘संगमेश्वर तालुक्यातील तीन गावांत शिमग्याच्या पालखीचा घरोघरचा क्रम कसा ठरतो’ या विषयाला मिळतात. गावं किती, माणसं किती, दिवस किती, हे तीन आकडे विषयाच्या एका वाक्यातून निघाले पाहिजेत. ते निघत नसतील तर अर्ज लिहायला बसू नका.

किनाऱ्यावर विषयांना तोटा नाही. सिंधुदुर्गातली गावऱ्हाटी (गावच्या देवस्थानाची परंपरागत व्यवस्था) आणि तिच्यातले बारा-पाच मानकऱ्यांचे मान, कार्तिक-मार्गशीर्षातल्या जत्रा आणि दशावतार, देवराया, अलिबाग-रेवदंडा भागातली बेने इस्रायल या ज्यू समाजाची सिनेगॉग, दाभोळची जुनी मशीद, दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची लेणी, महाडच्या चवदार तळ्याला २० मार्चला येणारा जनसमुदाय, रत्नागिरीचं १९३१ सालचं पतितपावन मंदिर. यातलं कुठलंही एक घ्या आणि त्याचाही एकच कोपरा घ्या.

विषय ठरला की तो ‘संशोधन’ म्हणून मांडायचा की ‘समाजसेवा’ म्हणून, हे लगेच ठरवा, कारण दोन्हींच्या पैशाच्या वाटा वेगळ्या आहेत. देवराईतल्या झाडांची आणि देवांची नोंद करणं हे संशोधन. त्याच देवराईतला जत्रेनंतरचा प्लास्टिकचा कचरा उचलून पुढच्या वर्षीसाठी व्यवस्था बसवणं ही सेवा. दोन्ही करा, पण अर्ज दोन लिहा. एकाच अर्जात दोन्ही कोंबलं की वाचणाऱ्याला वाटतं, पोराचं अजून ठरलेलं नाही.

सरकारी पैसा आणि देवाचं नाव

अनेक प्राध्यापकही इथे बिचकतात. ‘देवळाचं आहे, सरकारी पैसा चालणार नाही’ असं सांगून अर्ज परत येतो. नियम नेमका काय आहे ते माहीत असू द्या. राज्यघटनेचं कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खर्च होणारा कर कुणावर लादता येणार नाही. कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र धर्मांविषयी शिकणं-शिकवणं वेगळं आणि धर्माची शिकवण देणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे.

त्यामुळे अर्जातले शब्द जपून वापरा. ‘मंदिराचा जीर्णोद्धार’, ‘उत्सवास साहाय्य’, ‘भक्तीचा प्रसार’ हे शब्द आले की अर्ज अडणार, आणि योग्यच अडणार. ‘नोंदणी’, ‘दस्तऐवजीकरण’, ‘तळीची स्वच्छता’, ‘यात्रेकरूंसाठी पाणी व प्रथमोपचार’ हे चालतं. मात्र काम एक आणि शब्द दुसरेच असं करू नका. हिशेब तपासताना पावती पूजासाहित्याची निघाली तर पैसे परत भरावे लागतात.

कोणत्या दाराशी काय मागायचं

*महाविद्यालय.* पहिलं दार हेच, आणि लोक नेमकं तेच विसरतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाच्या उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. प्रत्यक्ष क्षेत्रकामाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तास, म्हणजे दोन श्रेयांकांचा प्रकल्प ६० तासांचा झाला. तुमचं काम या चौकटीत बसवलंत तर ते अभ्यासक्रमाचाच भाग होतं, मार्गदर्शक आपोआप मिळतो आणि प्रवासखर्च मागायला आधार मिळतो. अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीपुढे जातं आणि आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. म्हणून पुढच्या वर्षीच्या कामासाठीचं पत्र जानेवारीतच प्राचार्यांच्या टेबलावर हवं. जुलैत गेलात तर ‘तरतूद नाही’ हेच उत्तर येणार, आणि ते खोटंही नसतं. आणखी एक व्यावहारिक गोष्ट. नॅक या महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात संशोधन आणि विस्तारकार्य हा स्वतंत्र निकष आहे. छायाचित्रं, हजेरी आणि अहवाल यांची नीट फाईल महाविद्यालयाला देण्याचं पत्रात कबूल करा. या एका वाक्याने कामं होतात.

*राष्ट्रीय सेवा योजना.* वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, अशी ही चौकट आहे. पैसे विद्यार्थ्याच्या हातात येत नाहीत, महाविद्यालयाच्या युनिटकडे येतात. त्यामुळे ‘मला अनुदान द्या’ असं म्हणून उपयोग नाही. शिबिराचं गाव ठरण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा आणि तुमच्या विषयाचं गाव सुचवा. शिबिरातल्या सकाळच्या श्रमदानात तळीची सफाई, दुपारी घरोघरची पाहणी, असं बसवलं की राहणं-जेवण शिबिरातून निघतं. उन्नत भारत अभियानात असलेल्या महाविद्यालयाने पाच गावं दत्तक घेतलेली असतात. त्यातलं एक तुमचं निघालं तर सोन्याहून पिवळं.

*आविष्कार.* राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे. पदवीचा स्वतंत्र गट असतो आणि मानव्यविद्या, भाषा व ललित कला हा वेगळा विभाग असतो. ही अनुदान योजना नाही, पण नावनोंदणी, भित्तिपत्रकाची छपाई आणि फेरीसाठीचा प्रवास बऱ्याचदा महाविद्यालय उचलतं. मानव्यविद्येच्या गटात विज्ञानाच्या तुलनेने गर्दी कमी असते. तिथे पोरं मार खातात ती पद्धतीवर: किती मुलाखती, कुणाच्या, का याच लोकांच्या? परीक्षक भक्ती मोजत नाहीत, नमुना कसा निवडला ते विचारतात.

*शिष्यवृत्त्या.* या संशोधनासाठी नसतात, पण फी सुटली की घरचे पैसे क्षेत्रकामाला मोकळे होतात. बारावीला आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या केंद्रीय योजनेतून पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेता येत नाही. म्हणून महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची राजर्षी शाहू शुल्क योजना (उत्पन्नमर्यादा ८ लाख) किंवा तुमच्या प्रवर्गाची मॅट्रिकोत्तर योजना यांच्याशी बेरीज-वजाबाकी करून एकच निवडा. दशावतार, कीर्तन असं काही गुरूकडे पाच-सहा वर्षं शिकत असाल तर संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. ती शिकण्यासाठी आहे, अभ्यासप्रकल्पासाठी नाही. अर्जात ‘संशोधन’ लिहिलंत तर तिथे उलटं होईल.

पैसे मंजूर होऊनही खात्यात न येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेलं आणि विसरलेलं खातं जोडलेलं असतं, ते बंद पडलेलं असतं, आणि पैसे फिरून परत जातात. जूनमध्येच बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलाय ते तपासून घ्या. ग्रामीण बँकांचं २०२५ मध्ये विलीनीकरण झालंय, त्यामुळे जुन्या पासबुकावरचा आयएफएससी क्रमांकही पडताळा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच आणि चालू मुदतीचा लागतो. प्रवेशाच्या गर्दीत सेतू केंद्रात तो मिळायला वेळ लागतो, म्हणून मे महिन्यात काढून ठेवा.

*कंपन्यांचा सामाजिक निधी.* लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत पत्रं घेऊन फिरणारे विद्यार्थी दिसतात. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आणि सांस्कृतिक वारसा दोन्ही आहेत, पण ही रक्कम सुट्या व्यक्तीला देता येत नाही. ती कंपनीच्या स्वतःच्या उपक्रमातून, नाहीतर या निधीसाठी नोंदणी केलेल्या संस्थेमार्फत येते. तुमच्या शिक्षणसंस्थेची ती नोंदणी आहे का, एवढं कार्यालयात विचारा. नसेल तर हे दार सोडून द्या.

मुंबईकर मंडळ आणि देवस्थान

कोकणात जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. ग्रामस्थ मंडळ, सेवा मंडळ, उत्कर्ष मंडळ, नाव काहीही असो. दहावी-बारावीचे गुणगौरव, वह्यावाटप ही त्यांची नेहमीची कामं. तीन-पाच हजार रुपये देणं त्यांना जड नसतं, फक्त कुणी नीट मागत नाही. भेटीची वेळ दोनदा येते: गणपतीत आणि मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना. फोनवर काम होत नाही. आरतीनंतर अध्यक्ष-सचिव दोघंही पडवीत बसलेले असताना एक पानी पत्र द्या. पत्रात रक्कम, ती कशावर खर्च होणार आणि मंडळाला काय मिळणार, एवढंच.

मंडळाला काय हवं असतं? छापलेली पुस्तिका. गावच्या देवस्थानाचा इतिहास, मंडळाच्या नावासकट. म्हणून छपाईचा खर्च यांच्याकडे मागा, प्रवासाचा नको.

देवस्थान विश्वस्तांकडून पैसे घेताना आणखी एक पायरी आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला आपल्या उद्दिष्टांबाहेर खर्च करता येत नाही. न्यासाच्या घटनेत ‘शैक्षणिक कार्य’ हे उद्दिष्ट आहे का, ते नम्रपणे विचारा. असेल तर ठराव करून, धनादेशाने, महाविद्यालयाच्या नावावर रक्कम घ्या. रोख नको, स्वतःच्या नावावरही नको. सिंधुदुर्गातली काही देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहेत. तिथे गावकऱ्यांचा होकार असला तरी समितीचं पत्र वेगळं लागतं.

आता खरी अडचण. पालखी आधी कुठल्या वाडीत, गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) कुणी घालायचं, रूपं (देवाचे मुखवटे) कुणाच्या घरी, यावरून अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वाद आहेत. काही तहसीलदारांच्या बैठकीपर्यंत गेलेत, काही कोर्टात. एका गटाच्या मंडळाकडून पाच हजार घेतलेत की दुसऱ्या वाडीच्या पडव्या तुम्हाला बंद, आणि ते कुणी तोंडावर सांगणार नाही. ‘आज वेळ नाही हो’ एवढंच ऐकू येईल. म्हणून पैसे घेण्याआधी गुरव, पोलीस पाटील आणि एखाद-दोन वडीलधाऱ्यांकडून वाद आहे का ते काढा. वाद असेल तर त्या गावातून एक रुपयाही घेऊ नका. त्या गावाचा खर्च महाविद्यालयाच्या पैशातून करा.

पैसे घेतलेत तर पत्रातच एक ओळ घाला: ‘मजकुराचा अंतिम निर्णय विद्यार्थी व मार्गदर्शक यांचा राहील, छपाईपूर्वी मसुदा तथ्यांच्या तपासणीसाठी मंडळास दाखवला जाईल.’ ही ओळ नसली की शेवटच्या आठवड्यात ‘आमच्या घराण्याचं नाव आधी टाका’ सुरू होतं.

परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दलही थोडं. कुवेत-दुबईतला भारतीय पासपोर्टवाला नातेवाईक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत मंडळाला पैसे देत असेल तर ते विदेशी योगदान ठरत नाही. पासपोर्ट परदेशी असेल, मग माणूस मूळचा याच गावचा का असेना, तर ते ठरतं, आणि विदेशी योगदान नियमन कायदा २०१० खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला ते घेता येत नाही. इस्रायलमधल्या बेने इस्रायल कुटुंबांकडून अलिबागच्या कामासाठी मदत येऊ शकते. तिथे हा मुद्दा आधी सोडवा.

अंदाजपत्रक

तीन गावं, १२ मुलाखती, १६ दिवसांचं क्षेत्रकाम. नमुन्याचा हिशेब असा. दर आपल्या मार्गाचे घाला.

एसटी, १६ फेऱ्या, १४० रुपयांप्रमाणे: २,२४०
फाट्यापासून वाडीपर्यंत रिक्षा, १६ वेळा ८०: १,२८०
जेवण-चहा, १६ दिवस १५०: २,४००
कॉलर माईक व ६४ जीबी कार्ड: १,२००
शब्दांकन, १० तासांचं ध्वनिमुद्रण, तासाला ५००: ५,०००
झेरॉक्स, संमतिपत्रं, नकाशे: ९००
अहवालाच्या ८ प्रती, २५० प्रमाणे: २,०००
मुलाखत देणाऱ्यांना भेट, १२ जणांना १००: १,२००
अचानक उद्भवणारा खर्च: १,२८०
एकूण: १७,५००

विद्यार्थिनींचं एसटी भाडं मार्च २०२३ पासून निम्मं आहे, तेव्हा पहिली ओळ तशी कमी करा. विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गाला चालतो, गावोगाव फिरायला नाही. सलग फिरायचं असेल तर एसटीचा चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास स्वस्त पडतो का ते बघा.

शब्दांकनाची ओळ जवळजवळ प्रत्येक अर्जात नसते, आणि प्रकल्प रखडतो तो तिथेच. मालवणीतली किंवा संगमेश्वरीतली एक तासाची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास लागतात. फोनमधलं बोलून होणारं मराठी टंकन बोलीला दाद देत नाही. ‘गाऱ्हाणं’चं काय काय होतं ते बघण्यासारखं असतं. स्वतः करणार असाल तर पैसे शून्य लिहा, पण ६० तास वेळापत्रकात दाखवा.

या १७,५०० ची वाटणी अशी: प्रवास, माईक-कार्ड आणि झेरॉक्स (५,६२०) महाविद्यालयाकडे. छपाई आणि भेटी (३,२००) मंडळाकडे, कारण नारळ-शालीची पावती महाविद्यालयाचा हिशेबनीस घेणार नाही. शब्दांकनासाठी एखाद्या प्राध्यापकांचा लघुसंशोधन प्रकल्प जवळच्या विषयावर चालू असेल तर त्यातून मदतनीस म्हणून मानधन मागा. जेवण आणि अचानक खर्च स्वतःचा धरा, मिळाला तर आनंद.

वाचनावर खर्च करू नका. रत्नागिरी व सावंतवाडीचं १८८० चं आणि कुलाबा-जंजिऱ्याचं १८८३ चं गॅझेटिअर जालावर फुकट आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय आणि चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर इथे स्थानिक इतिहासाचं असं साहित्य हाती लागतं, जे मुंबईतही सहज मिळत नाही.

वेळापत्रक : तिथी, कौल आणि परीक्षा

शिमगा फाल्गुनात, म्हणजे नेमका सत्र परीक्षेच्या तोंडावर. त्या विषयाला मुलाखती आधीच्या दिवाळी-नाताळात उरका आणि शिमग्यात फक्त निरीक्षण ठेवा. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला, मार्लेश्वरची संक्रांतीला. या तारखा आधी कळतात. आंगणेवाडीची तिथी मात्र कौल लावून, म्हणजे देवीचा संकेत घेऊन ठरते. अशा जत्रेसाठी अर्जात तारीख लिहू नका, ‘जत्रेचे दोन दिवस’ असं लिहा. नाहीतर मंजुरीपत्रावरची तारीख आणि प्रवासाच्या तिकिटाची तारीख जुळत नाही आणि खर्च नामंजूर होतो. पावसाळ्यात मुलाखती घ्यायच्याच तर पत्र्याच्या पडवीत नको, माजघरात घ्या. पत्र्यावरच्या पावसात माईकही बहिरा होतो.

अनुदान हातात पडायला बऱ्याचदा फेब्रुवारी उजाडतो आणि ३१ मार्चला हिशेब बंद होतो. म्हणून मंजुरीपत्र मिळताच, खर्च आधी करून नंतर भरपाई मिळेल का, हे लेखी विचारून ठेवा.

गावात पाय ठेवल्यावर

महाविद्यालयाचं पत्र सरपंचांना, पण पहिली भेट गुरव आणि मानकऱ्यांची. अवसार (अंगात देव येणं), कौल, गाभारा यांचं चित्रीकरण आधी विचारल्याशिवाय नाही. आदल्या दिवशी विचारा. ढोल वाजायला लागल्यावर विचारलंत तर कुणी ‘नाही’ म्हणू शकत नाही आणि राग मनात राहतो. संमतिपत्र मराठीत, एक पानी, मोठ्या अक्षरांत असू द्या. सही करायला कुणी कचरलं तर ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तोंडी संमती नोंदवा. पन्हाळेकाजीसारख्या संरक्षित स्मारकात तिवई लावून चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी लागते.

कुणी जुनी पोथी किंवा सनद दाखवली तर सावलीत, फ्लॅश न वापरता फोटो घ्या. बुरशी दिसली तर उन्हात टाकू नका आणि मालकाने उत्साहाने लॅमिनेशनचा विचार बोलून दाखवला तर हात जोडून थांबवा. ओलसर कागद एकदा प्लास्टिकात बंद झाला की तो गेला.

हिशेब आणि अहवाल

पहिल्या दिवसापासून एक वही, एक पाकीट. रिक्षावाला पावती देत नाही. त्यासाठी महाविद्यालयाचं स्वतःचं व्हाउचर छापलेलं असतं, त्याचे वीस कोरे कागद बरोबर ठेवा आणि जागेवरच सही घ्या. एसटीच्या तिकिटावरची शाई महिन्याभरात उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स. उरलेली रक्कम लपवू नका, धनादेशाने परत करा. तीनशे रुपये परत करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव कार्यालयात पुढच्या वर्षीही लक्षात राहतं.

अहवालाच्या आठ प्रतींपैकी तीन गावांच्या. त्या आधी द्या, महाविद्यालयाची नंतर. गावातली प्रत सरपंचांच्या कपाटात न ठेवता शाळेच्या किंवा वाचनालयाच्या नोंदवहीत चढवून घ्या आणि नोंद क्रमांकाचा फोटो काढून हिशेबाच्या फाईलला जोडा. छपाईच्या पावतीसोबत तो असला की मंडळाचा खजिनदार दुसरा प्रश्न विचारत नाही.